पुढचं चाक

आमच्या मागच्या पडवीत लेथ आहे असं सांगितलं की बायका आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे तुमच्या मिस्टरांचा?" मिस्टरांचा नाही हो, माझा! ह्यांचं सगळं आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत गेलं. नळाचा वॉशर बदलायचा झाला तरी ते मलाच हाक मारतात. लेथ मूळचा सासऱ्यांचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात त्यांचं छोटंसं शेड होतं. शेड सोडलं तेव्हा बाकी सगळं विकलं, पण हा लेथ काही त्यांच्याने विकवेना. तो पडवीत आला आणि पाठोपाठ मी सून म्हणून घरात आले. मी आयटीआयची टर्नर आहे, हे लग्नाच्या बोलणीत आमच्या माणसांनी जरा दबक्या आवाजातच सांगितलं होतं. सासऱ्यांनी मात्र नेमकं तेवढंच ऐकलं.

तेव्हापासून रसवंतीच्या घाण्याचे बुश, पाण्याच्या मोटारीच्या शाफ्टला स्लीव्ह, गिरणीच्या पुलीचा बोअर मोठा करणं, असली कामं मी करते. घरचं आवरून अकरा ते चार. गिऱ्हाईक दारात आलं की अजूनही आधी "मालक आहेत का?" असंच विचारतं. मी "आहेत की" म्हणते आणि ॲप्रन बांधते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या नणंदेची मुलगी पोत्यात गुंडाळलेलं मोटरसायकलचं पुढचं चाक घेऊन आली. मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. पैसे साठवून तिने एक जुनी आरएक्स १०० घेतली होती. ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ पर्यंत निघत होती. म्हणजे गाडी तिच्यापेक्षा वयाने मोठी! पण कोल्हापुरातल्या पोरांना त्या गाडीचा आवाज लांबून ऐकूनच ओळखू येतो. माझ्या भाचीला ती फिरवायला नको होती, डर्ट ट्रॅकवर पळवायला हवी होती. मातीच्या बंद मैदानावर वळणं घेत, उड्या मारत पळवायच्या गाड्यांच्या शर्यती असतात ना, त्या.

"मामी, पुढे डिस्क ब्रेक बसवायचाय. सगळं आपण घरीच करूया की."

"सगळं म्हणजे काय काय?"

तिने वहीच काढली. मूळ चाकाला ड्रम ब्रेक असतो, त्या ड्रमचा हब टर्न करून त्यावर डिस्क बसवायची. डिस्क लेझर कटिंगवाल्याकडून पाच मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्यातून कापून घ्यायची, तीही नक्षीदार. कॅलिपर भंगारातून. तो धरायला शॉकअपच्या नळीवर वेल्डिंग करून एक पट्टी. वहीतलं चित्र फार सुरेख होतं, शेडिंगसुद्धा केलेलं.

मी नाही म्हटलं. पूर्ण नाही नव्हे, चारातल्या तीन गोष्टींना नाही. पोरगी रुसली. पण रुसलेल्या माणसाला नुसतं "धोका आहे" म्हणून भागत नाही, हिशेब दाखवावा लागतो. म्हणून तिला ओट्यापाशी नेलं आणि चहाचं आधण ठेवलं.

गाडी साधारण १०० किलोची, पोरगी ६० किलोची, मिळून १६०. ताशी ६० किलोमीटरने जाणारी ही जोडी थांबवायची तर तिच्यातली सगळी गती ब्रेकला खावी लागते, आणि ब्रेक ती उष्णता करूनच खातो. किती? सुमारे २२ हजार ज्यूल. म्हणजे एक कप पाणी ३५ अंशांनी तापेल एवढी. गॅसवर याला अर्धं मिनिट तरी लागतं, ब्रेकला हे दोन-तीन सेकंदांत करायचं असतं. आणि वेग निम्मा, ३० केला की उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. वेग दुप्पट तर उष्णता चौपट. बारावीला हे सूत्र सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं, पण पातेल्यात उकळी फुटेपर्यंत ते कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

ड्रममध्ये ही उष्णता आतच कोंडते. ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि नेमका तेव्हाच ब्रेक ढिला लागतो. शिवाय मैदानावरचा चिखल-पाणी एकदा आत गेलं की लवकर बाहेर येत नाही. डिस्क उघडी असते, वाऱ्याने निवते, पाणी झटकून टाकते. तेव्हा डिस्क हवी हा भाचीचा हट्ट बरोबरच होता. प्रश्न एवढाच, ती कशाची आणि कुणी केलेली.

फ्रिजवर आमच्याकडे गणपतीचं लोहचुंबक आहे. ते काढून तिला म्हटलं, तुझ्या त्या नमुन्याच्या पत्र्याला लाव. चिकटेना. तो ३०४ प्रतीचा स्टेनलेस, आपल्या चांगल्या ताटवाट्यांचा. मग बाहेर उभ्या असलेल्या ह्यांच्या गाडीच्या डिस्कला लावायला सांगितलं. चटकन चिकटलं! डिस्कचं स्टील वेगळ्या जातीचं असतं. ते तापवून, विझवून कठीण करता येतं. भांड्याचं स्टील असं कठीण होत नाही. ते गंजत नाही, चकचकीत राहतं, पण ब्रेकच्या पॅडखाली ओरखडतं आणि तापलं की वाकडं होतं. आमटीच्या पातेल्याचा बूड जरा वर आला तर आपण चालवून घेतो. डिस्कला ते चालत नाही. कंपनीच्या पुस्तकात डिस्कला किती वळवळ चालेल तो आकडा दिलेला असतो. बहुतेक गाड्यांना तो मिलिमीटरच्या दशांशातच असतो. तुमच्या हातात आत्ता जे वर्तमानपत्र आहे ना, त्याच्या तीन-चार पानांची जाडी. तेवढी वळवळसुद्धा फार झाली.

"म्हणजे डिस्क विकतच घ्यायची?" भाचीचं तोंड एवढंसं झालं.

"डिस्क विकत, कॅलिपर विकत, मास्टर सिलिंडर विकत, होज विकत, पॅड विकत. भंगारातलं काही नाही. कॅलिपरच्या आत जे रबरी सील असतं, ते किती वर्षं उन्हात पडलंय कुणास ठाऊक."

"मग घरी करायचं काय?"

हा प्रश्न तिने अगदी निराश होऊन विचारला. पण खरं काम तर तिथूनच सुरू होणार होतं.

मध्ये एक सांगते. या पोरीने वाद काही कमी घातला नाही. म्हणाली, "मामी, स्पीडवेच्या गाड्यांना ब्रेकच नसतात." खरं आहे, नसतात. पण तिथे सगळ्यांच्याच गाड्यांना नसतात. पुढच्याने अचानक ब्रेक मारला आणि मागचा त्याच्यावर आदळला, असं होऊ नये म्हणूनही ते सोयीचं पडतं. मग तिने न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोचं नाव काढलं. १९२० सालची इंडियन स्काउट गाडी हा माणूस आयुष्यभर घरच्या शेडमध्ये सुधारत बसला, जुन्या डब्यांचे साचे करून पिस्टन ओतायचा, आणि १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेत मिठाच्या वाळवंटात ताशी १८३ मैलांच्या वर वेगाचा विक्रम केला. त्याच्यावरचा २००५ चा सिनेमा आम्ही दोघींनी मिळून पाहिला होता. मी म्हटलं, बाई गं, त्याच्या त्या मॉडेलला मुळात पुढे ब्रेकच नव्हता, आणि थांबायला मैलोन्‌मैल मोकळं मीठ होतं. तुझ्या मैदानाच्या कडेला उसाचं शेत आहे आणि शेजारी विहीर.

दुसरं नाव जॉन ब्रिटनचं. हाही न्यूझीलंडचाच, क्राइस्टचर्चचा. १९९५ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या व्ही १००० गाड्या एकंदर दहाच झाल्या, पण त्यांची चाकंसुद्धा त्याने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये कार्बन फायबरची घडवली. पुढचा शॉकअपसुद्धा स्वतःच्या डोक्यातून काढला. भाची विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, ब्रेकचा कॅलिपर मात्र त्यानेही बाहेरचाच लावला. तेव्हा ती गप्प झाली.

मला स्वतःला जास्त आवडते ती बीट्रिस शिलिंग. १९०९ साली जन्मलेली ही इंग्लंडची मुलगी. चौदाव्या वर्षी तिने मोटरसायकल घेतली आणि स्वतःच खोलून जोडली. पुढे मँचेस्टरला इंजिनिअरिंगची पदवी घेतली. ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर स्वतः सुधारलेल्या नॉर्टनवर ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारून तिथला 'गोल्ड स्टार' बिल्ला मिळवला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानं खाली नाक करून सूर मारताना त्यांची इंजिनं पेट्रोलचा लोंढा येऊन बंद पडायची. १९४१ मध्ये हिने त्यावर इलाज काढला. काय, तर भोक असलेली एक छोटीशी चकती! वॉशरच म्हणा ना. पण ते भोक किती मिलिमीटरचं, यात सगळी विद्या. लेथवर बुशचा बोअर मापताना मला कधीकधी तिची आठवण येते.

असो. आम्ही ठरवलं ते असं. पुढचे दोन्ही शॉकअप एका १५० सीसीच्या गाडीचे, कारण त्यांच्यावर कॅलिपर बोल्ट करायला कंपनीनेच कान ओतलेले असतात. ॲल्युमिनियमच्या नळीवर पडवीत वेल्डिंग करणं म्हणजे तडा जायला आमंत्रण देणं. हब तारांच्या चाकाचा, डिस्क बसणारा, दुसऱ्याच गाडीचा. रिम आरएक्सचीच, १८ इंची, ३६ भोकांची, पण नवी. तीन घरची तीन माणसं एका संसारात आणायची म्हणजे कुठे ना कुठे कमी-जास्त होणारच. ते जुळवण्याचं काम आमचं.

पहिलं काम कॅलिपरच्या ब्रॅकेटचं. कॅलिपर आणि डिस्क यांच्यात अकरा मिलिमीटरचा फरक पडत होता. ब्लाऊज बेतताना आपण आधी कागदावर कटिंग करतो ना, तसंच. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून पहिला नमुना, मग प्लायवूडचा, मग दहा मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी. "मामी, एवढं जाड? किती जड दिसतंय!" मग पुन्हा हिशेब. कच्चकन ब्रेक मारला तर पुढच्या टायरवर रस्ता साधारण शंभर किलोने मागे ओढतो. टायरची त्रिज्या डिस्कच्या त्रिज्येच्या जवळजवळ पावणेतीनपट, म्हणून डिस्कला धरणाऱ्या कॅलिपरवर २८० किलोंच्या आसपास ओढ येते. साखरेची पन्नास किलोंची साडेपाच पोती, एका तळहाताएवढ्या पट्टीला आणि दोन बोल्टना टांगलेली. ती पट्टी आता तिला जड वाटेना.

ॲल्युमिनियमची केली असती तर हलकी झाली असती, कबूल. पण साधं लोखंड तुटायच्या आधी वाकतं. म्हणजे सांगून तरी जातं. कोपरे सगळे गोल केले, कानशीने घासून गुळगुळीत केले. तडा नेहमी टोकदार कोपऱ्यातूनच निघतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो तो बघून बोल्ट घेतले. बिनआकड्याचा बोल्ट खिडकीच्या ग्रिलला लावावा, ब्रेकला नाही.

मग बुश. चाकाच्या हबमध्ये दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्या मधे आत एक नळी असते. चाक हातात घेऊन बघणाऱ्याला ती दिसतही नाही. ॲक्सल आवळला की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या कड्या या नळीवर येऊन टेकतात. नळी दोन दशांश मिलिमीटर जरी आखूड झाली तर आवळताना बेअरिंग आडवी चेपली जातात, चाक जड फिरतं आणि थोड्याच दिवसांत बेअरिंग जातं. कुठे? तर पळत्या गाडीच्या पुढच्या चाकात. ही नळी आणि बाहेरचे दोन स्पेसर मी केले. नळी नव्हे, भाचीने केली असं म्हणायला हवं. मी फक्त मागे हाताची घडी घालून उभी होते. शेवटचा कट घेताना तिचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता. मापलं, बरोबर निघालं. तिने व्हर्निअर तीनदा लावून पाहिलं.

आणि मग तारा. हे काम मला सगळ्यात आवडतं. आपल्याला वाटतं चाकाच्या तारा गाडीला खालून टेकू देतात. तसं नसतं. एवढीशी तार ढकलून भार घ्यायला गेली तर वाकूनच जाईल. तार फक्त ताणून काम करते. सगळ्या तारा आधीच आवळून ताणलेल्या असतात. भार आला की खालच्यांचा ताण जरा कमी होतो, एवढंच. म्हणून एक तार ढिली राहिली तर तिचं काम शेजारणींवर पडतं. (एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.)

हबची कड मूळच्यापेक्षा मोठी, म्हणून जुन्या तारा लांब पडत होत्या. भाचीने त्रिकोणाच्या सूत्राने लांबी काढली, मी एक तार वाकवून प्रत्यक्ष लावून पाहिली. दोघींचा आकडा एक मिलिमीटरच्या आत जुळला. तारा तयार करून आणल्या त्या मात्र बाहेरून. तारेचे आटे कापायचे नसतात, दाबून रोल करायचे असतात. कापलेल्या आट्याशी तार कमकुवत होते. ते यंत्र आपल्याकडे नाही.

हबच्या एकेका कडेला अठरा तारा, नऊ आतून, नऊ बाहेरून. आधी सगळ्या सैल ओवायच्या, एकीच्या पोटातून दुसरी घालायची. शेजारच्या वहिनी वाटी मागायला आल्या होत्या त्या तिथेच बसल्या. म्हणाल्या, "हे तर क्रोशाचं सुरू केल्यासारखंच आहे." पुढचा शॉकअप व्हाइसमध्ये उलटा धरला, त्यात चाक अडकवलं, बाजूला जाड तारेचं टोक रिमपासून केसभर अंतरावर बांधलं. चाक फिरवायचं आणि टोक कुठे घासतंय ते ऐकायचं. याला आमच्याकडे चाकाचा आऊट काढणं म्हणतात. रिम डावीकडे न्यायची तर डावीकडच्या तारा पाव आटा आवळायच्या, उजवीकडच्या तेवढ्याच सोडायच्या. आधी वरखालीचा आऊट, मग बाजूचा. घाई केली की एकीकडचं सुधारतं, दुसरीकडचं बिघडतं. कंपनीच्या पुस्तकांत बहुधा दोन मिलिमीटरपर्यंत चालतं असं असतं. आमच्या सासऱ्यांना अर्धासुद्धा खपायचा नाही, मलाही खपत नाही.

ताण सारखा आहे का हे बघायला स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक तारेवर टिचकी मारायची. ढिली तार बद्द वाजते. भाची थोडं गाणं शिकलीय. तिने डोळे मिटून छत्तीस तारा वाजवल्या आणि तीन बेसूर काढून दिल्या. मिरजेला तंबोरा जुळवून देणारे कारागीर बसतात, तशी बसली होती पोरगी पडवीत! शेवटी निपलच्या बाहेर आलेली तारांची टोकं घासून सपाट केली, वर रबरी पट्टी घातली, नाहीतर ट्यूब पंक्चर व्हायला एक टोक पुरतं. हे सगळं व्हायला दोन रविवार गेले. ते दोन रविवार ह्यांनी पिठलं-भात केला.

मास्टर सिलिंडरवरून आमचा शेवटचा वाद झाला. तिला मोठ्या गाडीचा हवा होता, "जास्त पॉवरचा". इथे उलटं असतं. हाताने आपण दहा किलोंनी लिव्हर दाबतो, लिव्हर त्याचे साठेक किलो करते. मास्टरचा पिस्टन १२.७ मिलिमीटरचा आणि कॅलिपरचा ३०चा असेल तर ऑइल त्याचे साडेपाचपट, म्हणजे सव्वातीनशेच्या वर करतं. मास्टर मोठा घेतला की हे पट कमी होतात, लिव्हर दगडासारखी लागते आणि ब्रेक मात्र लागत नाही. आपल्या पास्कल साहेबांनी सांगितलेलंच. लहान माप घेतलं.

ऑइल भरायचं आणि हवा काढायची. हवा दाबली की चेपते, ऑइल चेपत नाही. म्हणून आत एक बुडबुडा राहिला तरी लिव्हर स्पंजासारखी लागते. डॉट ४ ऑइल नव्या सीलबंद डब्यातलंच वापरलं, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पाणी धरलं की तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, आणि ऑइल उकळलं की पुन्हा बुडबुडेच. हे ऑइल रंगही खातं. फरशीवर जुनी चादर अंथरली होती म्हणून बरं.

ज्यांच्या घरी मुलं जुन्या गाड्या खोलतात त्यांच्यासाठी एक सांगून ठेवते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडला की आतली काळी पूड तोंडाने फुंकायची नाही, कॉम्प्रेसरने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. तोंडाला मास्क. आमच्या पिढीतले किती टर्नर-फिटर ती पूड फुंकत बसले!

नणंदेचा फोन रोज असायचा. "वहिनी, तुम्ही तिला समजवायचं सोडून तिच्यात सामील झालात." तिचं चूक नव्हतं. मी म्हटलं, "ताई, ती गाडी पळवणारच आहे. माझ्या पडवीतून गेली तर निदान थांबेल तरी." एक अट मात्र मी घातली होती आणि ती नणंदेला आवडली. ही गाडी रस्त्यावर एक फूटही चालवायची नाही. मैदानापर्यंत टेम्पोतून न्यायची. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, त्यात परवानगी नसलेला बदल केल्यास एकेका बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आहे. दंडाचं सोडा, उद्या रस्त्यात कुणाला लागलं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. भाचीने टेम्पोचं भाडं ऐकून कपाळाला हात लावला. पण अट पाळली.

कामाचे पैसे मी घेतले. नात्यातलं आणि त्यातून बाईचं काम म्हणजे फुकटच, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. अर्धे रोख घेतले आणि अर्ध्यांसाठी तिने महिनाभर लेथखालचा किस झाडला.

पहिल्यांदा मैदानावर गेलो तेव्हा मीही टेम्पोत पुढे बसले होते. निघण्याआधी डिस्कचे पाच, ब्रॅकेटचे दोन आणि कॅलिपरचे दोन, अशा नऊ बोल्टवर भाचीने नेलपॉलिशची एकेक रेघ ओढली, बोल्टच्या डोक्यापासून खालच्या धातूपर्यंत सलग. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटते आणि लगेच दिसते. ही युक्ती तिच्या डोक्यातली.

आधी वीसच्या वेगाने, मग तीस, मग चाळीस. प्रत्येक वेळी थांबून डिस्कजवळ हात नेऊन बघायचं, लावायचा नाही. दोन तासांनी नऊ रेघा तपासल्या. आठ जागच्या जागी होत्या. ब्रॅकेटचा वरचा बोल्ट तिळाएवढा सरकला होता.

तिचा चेहरा उतरला. मी बोल्ट काढला. वॉशरखाली काळ्या रंगाचा थर चेपून गेला होता. आदल्या रात्री कुणाला न सांगता पोरीने ब्रॅकेट छान दिसावं म्हणून रंगवलं होतं! रंग दाबला जातो, बोल्टची पकड तेवढी जाते. तिने तिथेच टेम्पोच्या फळीवर बसून बोल्ट टेकतो तिथला रंग खरवडून काढला, उघडं लोखंड केलं, टॉर्क रेंचने २५ न्यूटन-मीटरवर पुन्हा आवळलं आणि नवी रेघ ओढली. मी काही बोलले नाही. त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचं नाही हेही तिनेच ठरवलं.

पुढच्या रविवारी मी गेले नव्हते. दुपारी मोबाइलवर फोटो आला, चिखलाने माखलेलं चाक आणि नऊच्या नऊ रेघा सलग. पाठोपाठ नणंदेचा फोन. मला वाटलं आता काय झालं.

"वहिनी, ती नेलपॉलिश कुठल्या रंगाची होती हो? मरून का? तरीच! माझी नवी बाटली चार दिवस शोधतेय मी."